कोपराखाली चार बोटं

॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर,
२४ नोव्हेंबर

शिवगंगास,

तब्येत सुधारत असेल. तिकडं नांदेडला रामलिंग आणि घरचे सगळे खुशाल असतील. मी इथं बरा आहे, जेवतोय, लिंगपूजा वेळेवर होते, काळजी नसावी.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण मी तुला आजवर एक ओळ लिहिलेली नाही. तशी वेळच आली नाही. तू माहेरी नांदेडला गेलीस की तिसऱ्या दिवशी मी बस धरून हजर व्हायचो, कारण घरात चहाची पूड कुठं असते ते मला ठाऊक नसायचं. तेव्हा हे पहिलं पत्र, आणि तेही तुझ्या भाचीच्या हुकमावरून. परवा रामलिंगची अक्षरा फोनवर म्हणाली, "मामा, आत्यानं रोज एक पान मोठ्यानं वाचायला पाहिजे. शब्द डोक्यात आहेत तिच्या, जिभेवर येईनात. पेपर दिला तर दोन ओळीत ढकलून देते. तुम्ही लिहा की घरचं काहीतरी. अक्षर मोठं काढा." ती स्वतः फिजिओथेरपिस्ट, तुझ्या हातापायांचा व्यायाम तीच घेते, तिच्यापुढं मी काय बोलणार? लगेच वही आणली.

आता मोठ्यानं वाचायचं म्हणजे रामलिंगच्या बैठकीत सगळे ऐकणार. म्हणून जरा जपूनच लिहितोय. हसू नकोस.

बातमी मोठी आहे. आपलं स्वैपाकघर मी पाडलं. ओटा, मांडणी, मोरी, माळा, सगळं. भिंती तेवढ्या उभ्या आहेत आणि मधे विटांचा ढीग. तुझी भांडी मधल्या खोलीत रचलीत, गॅस मागच्या पडवीत आणलाय. रुद्रेशनं पुण्याहून फोन केला, "बाबा, आई घरात नाही आणि तुम्ही हे काय सुरू केलंत?" मी म्हटलं, आई येणार आहे म्हणूनच सुरू केलं.

झालं काय ते सांगतो. तू गेल्यावर तीन दिवस मी अळणी खाल्लं. मिठाची बरणी सापडेना. तीस वर्षं गंजगोलाईत भांडी विकणारा माणूस मी. बाईच्या मनगटाकडं बघून सांगायचो, ताई, ही जड बुडाची कढई तुमच्यासाठी नाही. दुकान विकून दोन वर्षं झाली तरी गिऱ्हाइकं अजून नमस्कार करतात. आणि घरात मीठ सापडेना! चौथ्या दिवशी सापडलं. ओट्याखाली, पार मागं, तेलाच्या डब्याआड. कंबरेतून वाकून, डोकं आत घालून, हात खांद्यापर्यंत ताणल्याशिवाय पोचत नाही. दिवसातून दहा वेळा लागणारी चीज अशा ठिकाणी कुणी ठेवायला लावली, म्हणून मी चिडलो. मग आठवलं, ते स्वैपाकघर मीच बांधून घेतलं होतं. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, गवंड्याला तोंडी सांगून, दुकानातून एकदाही बघायला न येता.

आता नवीन कसं होणार ते ऐक. मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितलेत की डोळे चुरचुरतात. ओटा खाली घ्यायचा, त्याच्याखाली मोकळं सोडायचं, म्हणजे तुझी खुर्ची सरळ आत जाईल आणि गुडघे अडणार नाहीत. शेगडी ओट्यात बसवायची, म्हणजे पातेलं उचलायला नको, सरकवलं की झालं. नळाला लांब दांडा, कोपरानं ढकलला तरी चालू होईल. फडताळं बंद, सगळ्या ट्रॉल्या, ओढल्या की पुढं येणाऱ्या. गुडघ्याच्या खाली आणि खांद्याच्या वर काहीच ठेवायचं नाही, हा नियम. कडप्प्याच्या कडा गोल. फरशी खरबरीत. हाताच्या बरोबर वर दिवा. आणि भिंतीला स्टीलची दांडी, उठताना धरायला.

अक्षरा म्हणते बोटांना काम दिलं की बोटं सुटतात. कणीक मळणं, शेंगा सोलणं, पालेभाजी निवडणं. मग हे स्वैपाकघर कसलं, हा तर दवाखानाच झाला घरातला! तू त्यात रोज दोन तास बसलीस की तुझा उजवा हात उन्हाळ्यापर्यंत चालायला लागेल, माझी खात्री आहे.

गवंडी लोह्याचा आहे, सटवाजी. साठीचा गडी. खिशात टेप आहे पण बाहेर काढत नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "अप्पा, रांधणार कोण हाय? तिला हितं उभं करा. कोपराखाली चार बोटं सोडली की वटा बसला. कागदावरच्या मापानं बांधलेल्या वट्यानं बायांच्या कमरा जातेत." मी म्हटलं, ती नांदेडला आहे आणि आता बसून रांधणार. तर म्हणतो, "मंग बसल्यालं माप आना. मापाबिगर मी वीट न्हाई लावत."

तेव्हा एवढंच कर. खुर्चीत ताठ बस, कोपर दुमडून धर, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं ते अक्षराला मोजू दे. पाच मिनिटांचं काम.

येळवसच्या अमावास्येला महिनाही राहिला नाही. भावकीतल्या व्यंकटचा दोनदा निरोप आला, शेतात कडब्याची कोप मांडतोय, वहिनी येणार ना म्हणून. दरवर्षी चाळीस माणसांची भज्जी आणि आंबील तुझ्या हातची असते. तू नाहीस तर कसली येळवस? त्याच्या आत तुला घरी आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात आहे. बसल्या जागी सुचत नाही, सारखा उठून त्या विटांपाशी जाऊन उभा राहतो.

दिवाळीत आलो तेव्हा तू माझ्याकडं धड बघितलंही नाहीस. रामलिंग काहीतरी बोलला आणि तू डाव्या हातानं काचेचा पेला भिरकावलास. डॉक्टर म्हणतात ह्या बिमारीत चिडचिड होतेच. मी मनावर घेतलं नाही. हे वाक्य मोठ्यानं वाचू नको. किंवा वाच, काय फरक पडतो.

माप लवकर पाठव.

वीरभद्र


लातूर,
६ डिसेंबर

शिवगंगास,

माप आलं नाही.

कशी आहेस हे आधी विचारायला हवं होतं. कशी आहेस? अक्षरा म्हणाली आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातेस. ऐकून बरं वाटलं. आणि पुढं म्हणाली, "मामा, आत्या टेप लावू देईना. हात अंगाशी घट्ट धरून बसते. मी दोनदा बघितलं, आता नाही जबरदस्ती करणार." एवढं काय आहे त्यात? मी काही दागिन्याचं माप मागत नाही. इथं सटवाजी रोज सकाळी यायचा, भिंतीला टेकायचा, तंबाखू मळायचा आणि माझ्याकडं बघत बसायचा. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो. दोघांनीही काम न करता आठ दिवस काढले.

त्या रिकाम्या दिवसांत एक गोष्ट झाली.

ओट्यासमोरच्या भिंतीवर तुझा तो तळहाताएवढा आरसा होता. खिळ्याला टांगलेला, जरा तिरका. मला वाटायचं, विभूती लावताना बघायला असेल. भिंतीचा गिलावा काढायच्या आधी सटवाजी सहज तिथं जाऊन उभा राहिला. ओटा पडला तरी तुझी उभं राहायची जागा कळते, तिथली शहाबादी फरशी गुळगुळीत झालीय. तो बुटका. आरशात बघून म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात तर रस्ता दिसून राहिला."

मी जाऊन उभा राहिलो. मला काही दिसेना. मग गुडघे वाकवून तुझ्याएवढा झालो, तेव्हा दिसलं. पाठीमागचं मधल्या खोलीचं दार, त्याच्या पलीकडं पुढच्या खोलीची खिडकी, आणि खिडकीतून रस्त्याचा वीतभर तुकडा. एक दूधवाला गेला. मग शाळेच्या दोन पोरी गेल्या, एकीच्या वेणीची रिबीन सुटलेली. गुडघे दुखायला लागले तरी मी बघत राहिलो. सटवाजी दोनदा म्हणाला, "अप्पा, आता सरका की."

तीस वर्षं तू भिंतीकडं तोंड करून उभी होतीस आणि पाठीमागचा रस्ता आरशात बघत होतीस. मला कळलंच नाही. तू बोलली का नाहीस? बोलली असतीस तर मी खिडकी पाडून दिली असती. दिली असती का? मीच स्वतःला विचारलं. बहुतेक म्हणालो असतो, रस्त्याची धूळ पिठात पडेल. तू बोललीस आणि मी ऐकलं असं फारसं झालेलं नाही आपल्यात. त्या सोमवारी सुद्धा तू

नको. हे पान बैठकीत वाचलं जाणार आहे.

तर खिडकी पाडली. पूर्वेला, बोळातून रस्ता दिसतो त्या बाजूला, तीन फूट रुंद, खाली बसल्या माणसालाही रस्ता दिसेल अशी. सकाळचं ऊन आता थेट आत येतं. इतकी वर्षं भरदिवसा बल्ब लावून तू तांदूळ निवडलेस, हे आता कळतं. सटवाजीलाही खिडकी आवडली. तो तिथंच बसून भाकरी खातो.

मापाचं मी माझ्या परीनं उरकलं. समोरची मनिषा तुझ्याच अंगलटीची. तिला बोलावलं, खुर्चीत बसवलं, म्हटलं, समज तू भाकरी थापतेस. तिनं हवेत भाकरी थापली. सटवाजीनं तिच्या कोपराखाली चार बोटं धरली आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. पंचवीस इंच. चार दिवसांत ओटा उभा राहिला, वर कडप्पा पडला. हात फिरवून बघ एकदा, कडा कशा गोल घासल्यात त्यानं.

जाताना मनिषा म्हणाली, "काका, काकू आल्या आल्या रांधायला बसणार हायत का?"

मी म्हटलं, अगं तिचं औषधच आहे ते.

"काकूला विचारलं का तुम्ही?"

त्यात विचारायचं काय? आजकालच्या पोरींना तोंड फार. मी तिला चहा करून दिला, आणि तिनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. बहुतेक साखर विसरलो होतो.

सटवाजी हाक मारतोय. आलोच.

आलो. नळाच्या दांड्याचं काहीतरी उलटं बसवलं होतं, थंड म्हणून गरम येत होतं. झालं सरळ. कुठं होतो मी? हां, येळवस. मी सतराला गाडी घेऊन नांदेडला येतो. सकाळी निघालो की दुपारी तुझ्या दारात. तुझी औषधं आणि कपडे अक्षराला भरून ठेवायला सांग. व्यंकटला मी कळवलंय की वहिनी येणार. यंदा तू काही करायचं नाही, खुर्चीत बसून नुसतं सांगायचं, डाळ किती, चिंच किती, पाला कुठला. दोन-चार शेंगा सोलल्यास तर तेवढाच हाताला व्यायाम.

तू येणार ना? अक्षराला फोनवर हो किंवा नाही एवढंच सांगायला सांग. मी वाट बघून राहिलोय.

वीरभद्र


लातूर,
१५ डिसेंबर

शिवगंगास,

ह्या पत्राची सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचू नकोस. मनात वाच. अक्षराला मी तसं फोनवर सांगितलंय, ती तुला खोलीत एकटं बसू देईल. शेवटचं पान वेगळं आहे, त्याचं पुढं लिहितो.

तुझी चिठ्ठी मिळाली. पाकिटावर अक्षराचं अक्षर, आत तुझं. डाव्या हाताचं, रेघ सोडून खाली उतरत गेलेलं. मी ती इतक्यांदा वाचलीय की घडीवर फाटायला आली. तरी इथं पुन्हा उतरवतो, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल.

ओटा नको.
मी रांधणार नाही.
हातामुळं नाही. आधीपासून नको होतं.
खिडकी ठेवा.

पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला लिहू? पायात चपला घातल्या आणि गोलाईला तीन फेऱ्या मारल्या. मनात तुझ्याशी भांडत होतो. बत्तीस वर्षं हिला नको होतं तर रोज गरम भाकरी कशी पडत होती ताटात? मी दहा गावच्या पाहुण्यांसमोर छाती फुगवून सांगायचो, आमच्या हिच्या हाताला चव आहे, हिला करून घालायची आवड. आवड आहे असं तू कधी म्हणाली होतीस ते आठवायला लागलो. तिसऱ्या फेरीला आठवून आठवून दमलो. तू कधीच म्हणाली नव्हतीस. ते मीच म्हणायचो, आणि तू ताट पुढं करायचीस.

घरी आलो तर सटवाजी ट्रॉल्यांची मापं घेत होता. म्हटलं, थांबव. ती रांधणार नाही म्हणते. त्यानं तंबाखू थुंकून टाकली, जरा वेळ ओट्याकडं बघितलं.

"मंग रांधणार कोण, अप्पा?"

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"तुमी जेवणार तर हाव ना? मंग या हितं. उभं राहा."

मी उभा राहिलो. चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, पहिल्यांदा ओट्याच्या जागी. कोपर दुमडलं. त्यानं खाली चार बोटं लावली, कोळशाची रेघ ओढली. अडतीस इंच. तुझा पंचवीस इंची ओटा त्यानं सकाळच्या दोन तासांत फोडला. नवा कोरा कडप्पा निघताना तडकला. दोघांनी धरून तो बाहेर नेऊन ठेवला. आता ओटा माझ्या मापाचा झालाय. मिठाची बरणी डाव्या हाताला, पहिल्या ट्रॉलीत. भाकरी अजून जमत नाही. काल सटवाजीनं माझी भाकरी हातात घेऊन विचारलं, "अप्पा, ही वीट कामून भाजली?" पिठलं मात्र बरं होतं. वरण सुद्धा होतं.

खिडकी ठेवलीय. तिच्यासमोर ओटा घेतला नाही, काहीच बांधलं नाही. ती जागा मोकळी आहे.

आता टाळत आलोय ते लिहितो.

श्रावणातला शेवटचा सोमवार. आपल्याकडं स्वामी जेवायला येणार होते. तुझा उपास. पहाटेपासून तू उभी होतीस, पुरण, गव्हाची हुग्गी, दोन भाज्या. तीन वाजता तू मधल्या खोलीच्या दारात आलीस आणि म्हणालीस, "उजवा हात जड झालाय. मुंग्या येऊन राहिल्यात." मी पाद्यपूजेचं ताट लावत होतो. मान वर न करता म्हणालो, उपासानं होतंय, लिंबूपाणी घे. तू आत गेलीस.

पाच वाजता परत आलीस. म्हणालीस, "जीभ वळंना झालीय." तेव्हाच तुझा शब्द जड येत होता, मला ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. मी म्हणालो, आता स्वामी येतील, आधी त्यांचं होऊ दे, मग बघू.

स्वामी ताटावर बसले. तू हुग्गीचं भांडं घेऊन आलीस. उजव्या हातातून ओगराळं खाली पडलं. तू ते डाव्या हातानं उचललंस आणि वाढायला लागलीस. आणि मी काय केलं? मी सगळ्यांसमोर तुझ्यावर खेकसलो. "डाव्या हातानं वाढतात का स्वामींना? उजव्यानं वाढ." तू माझ्याकडं बघितलंस. तुझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि मी ओगराळ्याकडं बघत होतो.

स्वामींनीच बघितलं. ताटावरून तसेच उठले. "वीरभद्रप्पा, प्रसाद कुठं पळून चालला नाही. बाईला आधी दवाखान्यात न्या," म्हणाले, आणि स्वतः दारात जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय? मी म्हणालो, आत्ताच झालं. आधी काही सांगितलं का? मी म्हणालो, नाही, काहीच बोलली नाही. दोन-तीन तास आधी आणलं असतं तर हात आणि वाचा एवढी गेली नसती, ते म्हणाले. मी मान हलवली. तू पलीकडंच होतीस, डोळे उघडे. तुला सगळं ऐकू येत होतं.

मग तेच मी रुद्रेशला सांगितलं. रामलिंगला सांगितलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तिची सवयच आहे अंगावर काढायची, मला काही बोललीच नाही. सांगून सांगून ते मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या तोंडून शब्द निघत नव्हता, म्हणून माझं फावलं.

दिवाळीत रामलिंग तुला म्हणाला, "अक्का, इतकं होईपर्यंत गप बसलीस? भावजींना सांगायचं तरी." तू पेला भिरकावलास तो तेव्हा. सगळे म्हणाले बिमारी. मी पण म्हणालो बिमारी. त्या बैठकीत कारण माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी खाली बसून काचा वेचल्या.

मला वाटत होतं मी तुझ्या भल्यासाठी स्वैपाकघर बांधतोय. गोल कडा, स्टीलची दांडी, लांब दांड्याचा नळ. खरं म्हणजे तू पुन्हा ओट्यापाशी बसलीस, चुलीवर काही शिजलं, की मला म्हणता आलं असतं, बघा, सगळं पहिल्यासारखं आहे. एवढ्यासाठी मी तुझं माप मागत होतो. तू दिलं नाहीस ते बरं केलंस.

सतराला मी गाडी घेऊन येत नाही. व्यंकटला सांगितलंय, यंदा आमचं जमणार नाही. तू घरी यावंस असं मला वाटतं. फार वाटतं, शिवगंगा. घरात कुणी पाऊल वाजवलं तरी मी उठून बघतो. पण यायचं का नाही, कधी यायचं, आणि आलीस तर काय करायचं, हे तू ठरव. मी विचारणार नाही, अक्षरालाही विचारायला लावणार नाही.

रुद्रेशला मी काल फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मग फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाही. रामलिंगलाही मीच सांगणार होतो, दोनदा नंबर लावला. मग वाटलं, तुझं म्हणणं पुन्हा माझ्याच तोंडून कशाला? पुन्हा मीच बोलायचं आणि तू बाजूला बसून ऐकायचं, असं नको. तुझ्या तोंडून जाऊ दे.

म्हणून शेवटचं पान. ते मोठ्यानं वाचायचं आहे. रामलिंगला समोर बसव, घरातल्या सगळ्यांना बसव. शब्द सोपे ठेवलेत, जोडाक्षरं होतील तेवढी टाळलीत. एकेका ओळीला थांब, दम घे. एक ओळ अडली तर पुन्हा म्हण, कुणाची घाई नाही. आणि माझं कुठं चुकलं असेल, कमी पडलं असेल, तर ते खोडून तुझं लिही.


मी शिवगंगा.

मी सांगितलं होतं.

तीन वाजता सांगितलं. मी म्हणाले, हात जड झालाय.

हे म्हणाले, उपासानं होतंय.

पाच वाजता परत सांगितलं. मी म्हणाले, जीभ वळत नाही.

हे म्हणाले, आधी त्यांचं होऊ दे.

हातातून ओगराळं पडलं. सगळे बघत होते.

हे म्हणाले, उजव्या हातानं वाढ.

मी अंगावर काढलं नाही.

मी गप बसले नाही.

मी सांगितलं होतं.


वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

जिचं ऐकलं नाही तिचा, आणि ज्याला सांगितलं होतं तो,

वीरभद्र